डिपाजिटकाका

घर भाड्याने देताना घरमालक काय काय अटी घालतात ते मी ऐकून होतो. पाणी जपून वापरा, पाहुणे फार आणू नका, रेडिओ हळू लावा. पण आमच्या घरमालकाने पहिल्याच भेटीत आम्हाला जी ताकीद दिली, तशी ताकीद मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही कुठल्या घरमालकाच्या तोंडून ऐकली नाही.

"म्हायमकर," ते म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरमालकावर विश्वास ठेवायचा नाय."

"पण काका, घरमालक तुम्हीच ना?"

"म्हणून तर सांगतोय! मालक कसा असतो ते माज्याशिवाय कोणाला म्हायती?"

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो होतो. माझं गाव माहीम. मुंबईतलं नव्हे, केळव्याशेजारचं. हे वाक्य मला आयुष्यभर बोलावं लागलं आहे. पाळीची नोकरी आणि एसटीचा लहरी कारभार यांचं काही जमेना, त्यात लग्न झालेलं. म्हणून बोईसरपासून जवळच पाम गावात दोन खोल्या बघितल्या. एका बैठ्या कौलारू घराचा तो मागचा भाग. पुढच्या भागात काका आणि काकू राहायचे.

काकांचं खरं नाव हरिश्चंद्र. पण त्या नावाने कोणी चौकशी केली असती तर खुद्द काकांनीही पत्ता सांगितला नसता. गावात, नाक्यावर, बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांत ते डिपाजिटकाका म्हणूनच ठाऊक होते. बुटकी अंगकाठी, घरात खाकी अर्धी चड्डी आणि वर बाह्यांचा पांढरा सदरा. सदऱ्याचा खिसा मात्र कायम लालसर. त्यात गेरूचा खडा असे. काकू तो खिसा धुऊन धुऊन थकल्या होत्या.

त्या पहिल्या भेटीत काकांनी मला रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं केलं. "बघा," म्हणाले, "काय फुटलंय, काय मोडलंय, सांगा सगळं." मी नवखा माणूस. ज्याचं घर घ्यायचं त्याच्याच तोंडावर त्या घराची उणीदुणी काढणं मला बरं वाटेना. "छानच आहे हो घर," असं म्हणून मी मोकळा झालो.

काकांनी कपाळाला हात लावला. मग कोपऱ्यातली चटई उचलली. खाली एक लादी चांगली दुभंगलेली होती. ती चटई त्यांनी मुद्दामच टाकून ठेवली होती.

"गेलं तुमचं डिपाजिट!" ते ओरडले. "उद्या मी म्हणणार, लादी म्हायमकरांनी फोडली. तुमी काय सांगणार? छानच होतं हो घर?"

डिपॉझिटचा विषय आमच्यासाठी थट्टेचा नव्हता. लग्नातला सगळा आहेर आणि नीलाची, माझ्या बायकोची, एक पाटली मोडून ते पैसे उभे केले होते. पुढेमागे पालघरला स्टेशनच्या जवळपास लहानसं का होईना, स्वतःचं घर घ्यायचं, त्याची ती सुरुवात होती. ते बुडाले असते तर नीलाला तोंड दाखवायची सोय नव्हती.

पण काका काही पैसे बुडवणाऱ्यांतले नव्हते. माझे पैसे त्यांच्यापासून कसे वाचवायचे, याचीच त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी. त्यासाठी त्यांची स्वतःची पद्धत होती. तिच्यात कागदाला स्थान नव्हतं. "कागद मालकाच्या कपाटात राहतो," म्हणायचे. त्यांचा भरवसा गेरूवर आणि साक्षीदारावर.

साक्षीदार म्हणजे जानकीबाय. नवापूरहून रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन येणारी, काकांपेक्षाही वयाने मोठी, आवाज असा की ती नाक्यावर आली की गावातल्या मांजरांना कळायचं. आम्ही राहायला आलो त्या सकाळी काकांनी तिला ओट्यावरून थेट आत आणलं.

"ही चीर बघितलीस?"

"बघितली."

"नीट बघ."

"अरे बघितली, हरीभाव! माजा मावरा तापतोय भायेर उन्हात, नि तू मना भिंती काय दाखवतंस?"

जानकीबायने बघितली की काका त्या चिरेभोवती गेरूने गोल काढायचे. फुटकी लादी, गोल. खिडकीचा सैल कडीकोयंडा, त्याच्याभोवती भिंतीवर गोल. पोपडा, गोल. आमचं दोन खोल्यांचं घर तासाभरात गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. नीला पदर तोंडाला लावून हसत होती. काका मात्र गंभीर होते. "सूनबाई, हसू नका. गोलातलं ते आधीचं, मालकाचं. गोलाबाहेर जे होईल ते तुमचं. गोल पुसायचा नाय." साक्षीच्या मोबदल्यात त्या दिवशी त्यांनी जानकीबायकडून घासाघीस न करता बोंबील घेतले. निम्मे आम्हाला दिले.

या गोलांपायी आम्ही वर्षभर डास सोसले. मलेरियाचा फवारणीवाला यायचा तेव्हा फवारून झालेल्या घरावर गेरूने खूण करून जायचा. आमच्या दारातून त्याने आत डोकावलं, चारी भिंती बघितल्या आणि म्हणाला, "तुमच्याकडे आमची माणसं बरीच येऊन गेलेली दिसतात." आणि पंप खांद्याला लावून पुढे गेला.

पैशांचीही तीच तऱ्हा. काकांनी माझ्या देखत ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि झाकणाला चारी बाजूंनी डाख देऊन डबा बंद करून टाकला. मग शिडी आणून तो आमच्याच पोटमाळ्यावर ठेवला. "पैसा तुमच्या छपराखाली. मला खर्चायचा झाला तर तुमच्या घरात शिरावं लागेल, छिन्नी आणावी लागेल, आवाज होईल. तुमी काय झोपून राहाल?" जगात एवढी खबरदारी घेणारा सावकार असता तर बँकांना कुलपं लागली असती.

डाख देण्यात त्यांचा हात बसलेला होता. ते बरीच वर्षं बहरीनला गोदीत फिटर होते. काकूही तिकडे होत्या. तिथे त्यांनी भाड्याचं घर घेतलं होतं आणि ते सोडून परत येताना त्यांचं डिपॉझिट गेलं. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं. का गेलं, ते मात्र ऐकणाऱ्यागणिक बदलायचं. बहुतेक वेळा खिळ्यामुळे. भिंतीत एक खिळा मारला, पोपडा निघाला, मालकाने सगळे पैसे ठेवून घेतले. पण एकदा पोस्टमनला सांगताना मी ऐकलं, तेव्हा गळका नळ होता. आणखी एकदा दाराची कडी. मी म्हटलं, "काका, मागच्या वेळी तर खिळा होता."

काकांनी खिशातला गेरूचा खडा चाचपला. मग म्हणाले, "खिळापण होता."

त्या दिवसांत आमच्या भागातली बरीच पोरं मस्कत, दुबई, कुवेतच्या वाटेला लागली होती. कोणी वेल्डर, कोणी सुतार, कोणी एसी दुरुस्त करणारा. पासपोर्ट आला की बाकीची मुलं देवाला नारळ फोडायची. पामच्या आसपासची मुलं देवाला फोडायची आणि दुसरा नारळ घेऊन काकांकडे यायची. रविवारी सकाळी ओट्यावर काकांचा वर्ग भरायचा. परदेशात घर भाड्याने कसं घ्यायचं आणि डिपॉझिट कसं सोडवायचं, याचं फुकट शिक्षण. घर बघायला एकट्याने जायचं नाय. दिवसा उजेडी बघायचं. प्रत्येक नळ सोडून बघायचा. पहिलं सामान आत जायच्या आधी मालकाला हाताला धरून भिंतीभिंतीपाशी फिरवायचं. आणि खिळा? खिळा मारायचाच नाय.

वर्गाचा शेवट नाटकाने व्हायचा. काका स्वतः तिकडचे मालक व्हायचे आणि मुलाला घर सोडणारा भाडोत्री करायचे. भाषा हिंदी, कारण त्यांच्या मते तिकडे मराठी चालत नाही, अरबी आपल्याला येत नाही आणि हिंदीत दोघांचीही चूक कोणाला कळत नाही. बेटेगावच्या प्रकाशची तालीम माझ्या चांगली लक्षात आहे.

"ये रंग कैसे उड़ा?" काका कमरेवर हात ठेवून गरजले.

"सेठ, वो... शायद..."

"शायद? गेलं डिपाजिट! परत. ये रंग कैसे उड़ा?"

"पहले से था."

"मिळमिळीत नको! पोटातनं येऊ दे!"

"पहले से था!"

"ये नल किसने तोड़ा?"

"पहले से था!"

एव्हाना रस्त्यावर सायकली थांबलेल्या. कारखान्यातून सुटलेल्या कामगारांना वाटायचं, ओट्यावर जुंपली आहे. एकदा तर उत्तरेकडचा एक भला माणूस मध्ये पडून प्रकाशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाने दो चाचा, बच्चा है." काकांनी त्यालाही बसवून घेतलं आणि पुढचा अर्धा तास तोही ओरडत होता.

रविवारी हा गजर सुरू झाला की काकू मात्र उठून परसात चिकूच्या झाडाखाली जाऊन बसायच्या. वाल सोलायला घ्यायच्या. मला वाटायचं, दर रविवारच्या आरड्याओरड्याला कंटाळल्या असतील. कोण नाही कंटाळणार?

प्रकाश दोन वर्षांनी मस्कतहून परत आला तो सरळ काकांकडे. त्याचं डिपॉझिट त्याला अख्खं मिळालं होतं. गुरुदक्षिणा म्हणून त्याने भिंतीवरचं एक सुंदर घड्याळ आणलं. पण ते भिंतीवर लावायचं म्हणजे खिळा मारायला हवा! काकांच्या घरात एकही खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, आरसा तांदळाच्या कोठीवर टेकवलेला, देवांच्या तसबिरी फळीवर एकमेकांना रेलून उभ्या. घर स्वतःचं, बापाने बांधलेलं. तरी खिळा नाही. शेवटी घड्याळ ओट्यावरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं. येणाऱ्याला वेळ कळायची, बसायला मिळायचं नाही.

"काय सांगू," काकू नीलाला म्हणायच्या, "सोताच्या घरात आमी दोघं भाडोत्रीच."

मी ही सगळी गंमत कारखान्यात रंगवून सांगायचो. मला वाटतं, त्या वर्षांतला आमचा आनंद निम्मा तरी काकांनी पुरवलेला होता. संध्याकाळी वसाहतीच्या बाजूने वारा फिरला की डोळे चुरचुरायचे, मग नवापूरच्या बाजूने फिरला की सुकत्या मासळीचा वास यायचा, आणि ओट्यावर काका घड्याळाच्या शेजारी जमिनीवर बसून कोणाला तरी मालकांपासून सावध करत असायचे. आज ते सगळं आठवलं की इतक्या लांबूनही बरं वाटतं.

मग आमची मुलगी झाली.

माझी आई माहीमहून आली होती. आमच्या घरची रीत अशी की बाळाच्या पाचवीला, संध्याकाळी, बाळंतिणीच्या उशाकडच्या भिंतीवर ओल्या हळदीची पाच बोटं वरून खाली ओढायची आणि त्यावर कुंकू लावायचं. त्याशिवाय ते मूल त्या घरचं झालं असं धरत नाहीत. आईने वाटीत हळद कालवली आणि मला धडकी भरली. भिंत काकांची, तीही फिकट निळ्या डिस्टेंपरची. हळदीचा डाग काय असतो ते रंगाच्या कारखान्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको. आणि गोलाबाहेरचं ते सगळं आमचं!

"आई, भिंतीवर नको."

"मग काय तुझ्या कपाळावर ओढू?"

आमची कुजबुज वाढत गेली. नीला खाटेवरून दोघांनाही गप्प करायला बघत होती. शेवटी मी कारखान्यातून आणलेल्या खोक्याची एक पातळ फळी पुसून भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हटलं, यावर ओढ. आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू तिला पोटचा मुलगा बदलून हवा होता. पण तिने ओढली. फळीवर पाच पिवळी बोटं उमटली.

तेवढ्यात काका-काकू आले. काकूंच्या हातात बाळाला झबलं होतं. काका दारातच थांबले आणि त्यांची नजर फळीवर गेली.

"हे काय?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "तुमची भिंत राखली, काका. हळद फळीवर ओढली. काढली की भिंत साफ." मला शाबासकीची खात्री होती. एवढा तयार झालेला भाडोत्री त्यांना दुसरा कोण मिळणार?

काका आत आले, फळी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.

"भिंतीवर ओढा," आईकडे न बघता ते म्हणाले. "घर माजं हाय. भिंत माजी हाय. पोरीची बोटं भिंतीवरच पायजेत."

आवाज काही तरी वेगळाच होता. आम्ही सगळे बघत राहिलो. आईने परत हळदीत बोटं बुडवली आणि भिंतीवर ओढली. काकांनी ती बघितली, बाळाकडे एकदा बघितलं आणि ताटलीतल्या घुगऱ्यांना हात न लावता निघून गेले.

काकू मागे राहिल्या. आईजवळ जमिनीवर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलायला लागल्या. मी ताटली हातात घेऊन दारात उभा होतो तो उभाच राहिलो.

"तिकडं आमाला मुलगी झाली होती, वयनी. बहरीनला. पाचवीला घरात बाईमाणूस कोण नाय. मी खाटेवर. मग यांनीच हळद कालवली नि यांनीच बोटं ओढली. वाकडीतिकडी. मी हसले होते तवा."

आईने बाळाकडे बघितलं.

"दात यायच्या आधीच गेली. ताप आला नि गेली. मग त्या घरात राहवेना. घर सोडायचं ठरवलं. मालक भला माणूस होता हो. म्हणाला, बाकी काय नाय, तेवढी भिंत पांढरी करून द्या नि पैसे घेऊन जा. यांनी चुना आणला. एक हात मारला." काकू थांबल्या. "हळदीवर ओला चुना लावला की काय व्हायचं, वयनी?"

आईने हातातली वाटी खाली ठेवली. "कुंकू," ती म्हणाली.

आमच्याकडे पूर्वी बायका घरी कुंकू करायच्या ते असंच, हळदीला चुन्याची भावना देऊन, म्हणजे चुन्याच्या पाण्यात ती मुरवून. हळद त्याने लाल होते. हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं; चुना कालवणाऱ्या त्या बापाच्या तेव्हा ध्यानात आलं नसणार. फिकी पडत चाललेली ती बोटं चुन्याखालून लालभडक होऊन वर आली.

"हे बघत बसले. मी म्हटलं, आणखी एक हात मारा, झाकून जाईल. म्हणाले, दुसऱ्यानं पुसली तर पुसू दे. माज्या हातानं लावली, माज्या हातानं पुसायची नाय. कुंचला टाकला नि मालकाला चावी देऊन आले. त्याला सांगितलं, मी खिळा मारला, भिंत बिघडवली, डिपाजिट तुजं तू ठेव."

बाहेर ओट्यावर काकांच्या खोकण्याचा आवाज आला. काकूंनी आवाज उतरवला.

"लोकं हसतात यांना. मी पण हसते. पण डिपाजिटचं बोलायचं म्हणजे त्या घराचंच बोलायचं, वयनी. दुसरं कसं बोलणार हा माणूस?"

त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. खिळा, नळ, कडी, सगळं एकदम कळलं. दुसऱ्या दिवशी काका ओट्यावर नेहमीसारखेच होते. मला म्हणाले, "म्हायमकर, मागच्या खिडकीचं बिजागर सैल वाटतंय, लक्ष ठेवा, मालक तुमच्या नावावर टाकेल." मीही म्हणालो, "बघतो काका." त्या विषयावर आमचं तेवढंच बोलणं झालं. पुढे कधी तरी सामानाची हलवाहलव करताना आम्ही खाटेमागच्या त्या भिंतीला लोखंडी कपाट लावलं आणि ती बोटं कपाटामागे गेली.

वैशाली, आमची मुलगी, शाळेत जायला लागली आणि पालघरला घराचं जमलं. पोटमाळ्यावरचा डबा फोडायची वेळ आली होती. पण त्याआधी तपासणी! बाहेर टेम्पो उभा, सामान अर्धं चढलेलं, आणि काका जानकीबायला घेऊन हजर. ती आता टोपली घेऊन चालताना दमायची, पण साक्षीला नाही म्हणाली नाही.

काका दोन्ही पक्षांकडून भांडत होते. "ही काच तडकलीय. गोल नाय. पैसे कापणार मी."

"कापा, काका. माझ्याच हातून तडकली."

"असं 'कापा' म्हणतात? भांडा!"

"पण मीच फोडली ना."

"फोडली तरी भांडायचं! सात वर्षं काय शिकलात माज्याकडं?" मग स्वतःच माझ्या बाजूने हुज्जत घातली, स्वतःच मालक म्हणून हरले आणि काच सोडून दिली. जानकीबाय भिंतीला टेकून हसत होती.

शेवटी आतल्या खोलीतलं कपाट हमालांनी हलवलं. मागे भिंतीवर पाच बोटं होती. इतकी वर्षं उजेड लागला नव्हता, त्यामुळे जवळजवळ होती तशीच पिवळी. आम्ही ती विसरून गेलो होतो.

काका बघत राहिले. जानकीबायही हसायची थांबली.

"काका," मी म्हणालो, "हे मात्र आमचं. गोलाबाहेरचं आहे."

काकांनी खिशातून गेरूचा खडा काढला. भिंतीजवळ गेले आणि त्या बोटांभोवती गोल काढायला लागले. गोल कसला, भोपळा झाला. टोकं जुळता जुळेनात. जुळवून झाल्यावर ते जानकीबायकडे वळले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पहले से था."

"मोठ्यानं बोल की, हरीभाव! साक्षीदाराला आयकू नाय आला."

काकांनी तोंड उघडलं. मस्कतपासून कुवेतपर्यंतच्या मालकांसमोर पोटातून ओरडायला ज्यांनी आमच्या भागातल्या पोरांना शिकवलं, त्यांना ते तीन शब्द काढता येईनात. त्यांनी नुसती मान हलवली आणि गेरूचा हात सदऱ्याला पुसला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. काकू कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलंच नव्हतं. त्या कधी तपासणीला यायच्या नाहीत, वर्गाला तर नाहीच.

"पहले से था!" काकू म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की बाहेरचा टेम्पोवाला वळून बघायला लागला.

जानकीबायने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"आयकला," ती म्हणाली. "मी हाय साक्षीला. पयल्यापासनंच होता."